ओझ्याची गाडी, माणसाचें बिऱ्हाड

मोटारीच्या मागें जोडावयाचा लहानसा मालवाहू ट्रेलर घ्यावा, त्यावर हलकें छप्पर चढवावें, आंत दोघांपुरता बिछाना, पाण्याचा डबा आणि एक चूल एवढी सोय करावी आणि रात्र पडेल तेथें मुक्काम करावा, ही हौस आपल्या देशांतहि आतां मूळ धरूं लागली आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, तेव्हांपासून तर ह्या फिरत्या घरांस राजमान्यताहि मिळाली. ही कल्पना विलायतेंतून आली, असा सर्वसाधारण समज आहे. ट्रेलर विलायती आहे, हें खरें. परंतु ओझ्याच्या गाडींत बिऱ्हाड थाटण्याची विद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. ती येथें इतकी जुनी व इतकी नित्याची होती कीं, तिला कोणी विद्या म्हटलें नाहीं, एवढेंच.

ह्या विद्येचा पहिला धडा चाकांच्याहि आधींचा आहे. दक्षिणेंत रस्ते नव्हते, तेव्हां माल बैलांच्या पाठीवरून जात असे. उत्तर कोंकणांतील मिठागरांचें मीठ घाट चढून देशावर जावें आणि देशावरचें धान्य खालीं यावें, हा व्यवहार मुख्यतः बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये ह्यानें दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें लिहून ठेविलें आहे. मुक्काम पडला कीं, पाठींवरच्या गोण्या उतरावयाच्या, त्यांची रास रचावयाची आणि तिच्या आडोशास बायकामुलांनीं रात्र काढावयाची. दिवसा जें ओझें, तीच रात्रीं भिंत. एकाच वस्तूकडून दोन कामें करून घेणें, हें फिरत्या घराचें मूळ सूत्र येथेंच सांपडतें.

पुढें गाडीचा काळ आला. मुंबई व पुणें ह्यांच्यामधील बोरघाटाचा रस्ता १८३० सालीं चाकाच्या वाहनांस खुला झाला. तथापि देशावरची तेव्हांची गाडी फार ओबडधोबड होती. तिचीं चाकें भरीव व अवजड असत, आणि ती ओढावयास अनेक बैल जुंपावे लागत. १८३६ च्या सुमारास जमीनमोजणीच्या कामावर असलेल्या लेफ्टनंट गेस्फर्ड नांवाच्या अधिकाऱ्यानें सोलापूर जिल्ह्यांतील टेंभुर्णी येथें सुधारलेल्या गाड्यांचा कारखाना काढला. आऱ्यांचें हलकें चाक, लोखंडी धांव आणि एका बैलजोडीस झेपेल असा बांधा, हें त्या सुधारणेचें सार होय. गाडी हलकी झाली म्हणून ती गरीब शेतकऱ्याच्या दारांत आली. आणि दारांत आली म्हणूनच ती पुढें त्याचें फिरतें घरहि बनली. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी धांवूं लागली, तेव्हां दूरच्या मालाची वाहतूक हळूहळू गाडीवानाच्या हातून गेली. परंतु खळें, बाजार, लग्न आणि जत्रा ह्या चार ठिकाणीं बैलगाडीचें राज्य पुढेंहि पुष्कळ वर्षें अबाधित राहिलें.

ह्यांपैकीं जत्रेच्या वेळीं गाडीचें जें रूपांतर होई, तें आजच्या ट्रेलरवाल्यांनीं लक्षपूर्वक पाहण्याजोगें आहे. शेणखत आणि धान्य वाहणारी गाडी प्रथम धुऊन काढीत. साट्याच्या दोहों अंगांस बांबूच्या कांबी वांकवून बसवीत व त्यांवर तट्ट्या अथवा घोंगडीं ताणून छप्पर करीत. तळाशीं पेंढ्याचा किंवा कडब्याचा जाड थर पसरीत. हा थर म्हणजे रात्रीचा बिछाना, वाटेंतील धक्के सोसणारी गादी आणि बैलांची वैरण, असा तिहेरी उपयोगाचा असे. प्रवास जसजसा पुढें जाई तसतसा बैल बिछाना खात आणि गाडीचें ओझें कमी होई! कंदील आडव्या दांड्याला टांगीत. भांडीं मागच्या बाजूस ठेवीत, म्हणजे गाडी सोडतांच तेथेंच चूल मांडतां येई. बायकामुलें आंत निजत आणि पुरुषमंडळी गाडीखालीं.

जेजुरी, पंढरपूर, शिखर शिंगणापूर ह्या यात्रांना अशा गाड्यांच्या रांगा लागत. समुद्रकांठींहि हीच रीत होती. भाईंदरच्या पश्चिमेस मुर्धे, राई, मोरवे, तारोडी, डोंगरी, उत्तन अशीं गांवें धारावी बेटावर वसलेलीं आहेत. भात, मीठ आणि मासळी ह्यांवर जगणारा हा मुलूख. साष्टींतील ख्रिस्ती कुटुंबें सप्टेंबर महिन्यांत वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेस बैलगाडींतून बिऱ्हाडासह जात व मुक्काम करीत. देव निराळा, भाषेचा ढंग निराळा, पण गाडी तीच आणि तिच्यांतील संसाराची मांडणीहि तीच.

गाडीवानास पदार्थविज्ञान ठाऊक नव्हतें. परंतु त्याला एक नियम बैलांच्या मानेनें शिकविला होता. ओझें आंसाच्या मागें गेलें, तर गाडी उलाळ होते. जूं वर उचललें जातें, बैलांच्या गळ्यास फास बसतो आणि गाडी वाटेल तशी डुलूं लागते. ओझें फार पुढें आलें, तर सारा भार मानेवर येऊन खांदे सुजतात. म्हणून जाणता गाडीवान माल असा रची कीं, थोडासाच भार जुंवावर यावा आणि बाकीचा आंसावर राहावा. आजचे यंत्रशास्त्रज्ञ ट्रेलरविषयीं हेंच आंकड्यांनीं सांगतात: एकूण वजनाच्या सुमारें दहावा ते सातवा हिस्सा मोटारीच्या जोडावर पडला पाहिजे. भार त्याहून कमी झाला, तर वेगांत ट्रेलर शेंपटासारखा हेलकावे खाऊं लागतो व मोटारीसहि रस्त्याबाहेर ओढून नेतो. बैलाची मान गेली आणि तिच्या जागीं लोखंडी गोळा आला, एवढाच फरक. बैल हुंकारून सूचना तरी देत असे. गोळा कांहीं बोलत नाहीं.

ज्यांनीं गाडीसच कायमचें घर केलें, असे लोकहि ह्या देशांत होऊन गेले. चितोड १५६८ सालीं पडलें, तेव्हां तें परत मिळेपर्यंत स्थिर घरांत राहणार नाहीं, अशी शपथ आपल्या पूर्वजांनीं घेतली, असें राजस्थानांतील गाडिया लोहार परंपरेनें सांगतात. ऐरण, भाता, खाट आणि लेकरें एका गाडींत घालून ते पिढ्यान्पिढ्या फिरले. १९५५ सालीं पंडित नेहरूंनीं त्यांस समारंभानें चितोडगडावर नेलें. तथापि त्यांपैकीं अनेकांची गाडी त्यानंतरहि थांबली नाहीं.

विलायतेंतील इतिहास ह्याच्या उलट दिशेनें चालला. तेथें फिरतें घर गरजेंतून निघून लौकरच हौसेच्या हातीं गेलें. १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या आरमारी डॉक्टरानें ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्यांतून ‘वाँडरर’ नांवाचें एक सुंदर घर-वाहन बांधून घेतलें व दोन घोडे जुंपून देशभर सहल केली. तें घर देखणें होतें, पण जड होतें. मोटार आल्यावर जडपणा सोसेना. पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, बर्मिंगहॅमच्या एक्लस कंपनीनें मोटारीनें ओढावयाचीं घरें विकावयास काढलीं. अमेरिकेंतहि त्याच सुमारास लोक मोटारींत तंबू व डबे भरून हिंडूं लागले. १९३६ सालीं एअरस्ट्रीम कंपनीनें विमानाच्या धर्तीवर ॲल्युमिनियमचें घर बांधलें. ज्यांना हें परवडत नव्हतें, त्यांनीं थेंबाच्या आकाराची लहान गाडी शोधून काढली. चार फूट रुंद व आठ फूट लांब, म्हणजे प्लायवुडच्या एका तक्त्याएवढें तळ. आंत दोघांना निजण्यापुरती जागा आणि मागचें झांकण उचललें कीं त्याखालीं स्वयंपाकाची फळी. निजावयाचें आंत, रांधावयाचें मागें उघड्यावर, ही जत्रेच्या गाडीचीच मांडणी होय.

दुसऱ्या महायुद्धानें ह्या कामास एक अनपेक्षित साधन पुरविलें. अमेरिकन लष्करानें जीपच्या मागें जोडण्यासाठीं पाव टनी मालवाहू ट्रेलर बनविले होते. त्याचें स्वतःचें वजन सुमारें ५५० पौंड आणि भार वाहण्याची मर्यादा ५०० पौंड. युद्ध संपल्यावर हे ट्रेलर शिलकी माल म्हणून विकले गेले, आणि दारूगोळा वाहिलेल्या त्या लोखंडी पेट्यांवर लोकांनीं छपरें चढविलीं.

ह्याच ट्रेलरचा हिशोब मांडून पाहिला, तर ह्या कलेचें मर्म ध्यानांत येतें. ५०० पौंड म्हणजे सुमारें २२७ किलो. बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा चार फूट बाय आठ फुटांचा एक तक्ता सुमारें वीस किलो भरतो. भिंती, छत, तळ आणि खण ह्यांस असे सात तक्ते लागले, तर १४० किलो तेथेंच संपले. वीस लिटरचे दोन पाण्याचे डबे म्हणजे आणखी ४० किलो. गादी, भांडीं, शेगडी, कपडे आणि खिळेमोळे ह्यांस उरले अवघे ४७ किलो! म्हणून जाणता कारागीर भिंतींस सहा मिलिमीटरचा तक्ता घेतो आणि त्यास बारीक लांकडी चौकटीचा आधार देतो. खण करावयाचे तर दारें लाकडाचीं न करतां कापडाचीं करतो. पाण्याचे डबे आंसाच्या किंचित् पुढें, तळाशीं ठेवतो. दर वस्तु हातांत घेऊन ती दोन कामें करते किंवा नाहीं, असें विचारतो. बिछाना खाणाऱ्या बैलांची युक्ति त्याच्यापाशीं नाहीं. पण तिचें तत्त्व त्याला सोडतां येत नाहीं.

तारोडीसारख्या खाडी-समुद्राच्या गांवीं आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. खारा वारा लोखंड खातो आणि चार महिन्यांचा पाऊस लांकूड कुजवितो. येथें प्लायवुडच्या कडांतून पाणी शिरलें, कीं थर सुटावयास वेळ लागत नाहीं. म्हणून कडा प्रथम बुजविल्या पाहिजेत, रंग मागाहून. बंद पेटींत दोन माणसें निजलीं, तर श्वासाचीच वाफ छताला धरते व गादी ओली होते. यास्तव एक झरोका खालीं आणि एक वर, समोरासमोर, ठेवणें अवश्य आहे. शेगडी तर आंत कधींच पेटवूं नये. तट्ट्याच्या छपराला हे दोष नव्हते. तें गळत असेल, पण तें श्वास घेत असे.

आणि कायद्याचीहि एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें वाहनाची मूळ रचना परस्पर बदलण्यास बंदी केली आहे. माल वाहण्यासाठीं नोंदलेल्या ट्रेलरचें घर करावयाचें, तर आधीं परिवहन कार्यालयांत विचारणा करावी, मग करवत हातीं घ्यावी. चालत्या ट्रेलरांत माणूस बसवूं नये, हें तर कायद्यानें सांगण्याचीहि जरूर नसावी.

परंतु महाराष्ट्रांत ओझ्याच्या वाहनांत संसार करणारे सर्वांत अधिक लोक आहेत, ते हौशी नव्हेत. प्रवरानगर येथें सहकारी साखर कारखान्याचें पहिलें गाळप १९५० च्या अखेरीस सुरू झालें आणि पुढें राज्यांत असे कारखाने पसरले. त्यांच्यासाठीं ऊस तोडावयास बीड, अहिल्यानगर अशा कोरडवाहू जिल्ह्यांतून दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवराबायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. बैलगाडींत अथवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत धान्याचीं पोतीं, भांडीं, शेळ्या, कोंबड्या आणि लेकरें चढतात. वाटेंत तीच गाडी घर असते. कारखान्याच्या तळावर पोंचल्यावर कोपी उभी राहते आणि गाडी पुन्हां ऊस वाहूं लागते. पांच-सहा महिन्यांनीं बिऱ्हाड परत तिच्यांत चढतें. गांवोगांवच्या जत्रांत चित्रपट दाखवीत फिरणाऱ्या तंबूवाल्यांचाहि संसार असाच मालमोटारींत चाले. त्याच मोटारीच्या मागील भागांत यंत्र बसवून तंबूंतील पडद्यावर चित्र सोडीत. त्या मावळत्या धंद्याचें दर्शन ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ह्या बोलपटानें २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत जगाला घडविलें.

हलक्या गाडीचा हा सारा इतिहास असा दुपदरी आहे. एकाला घर सोडून चार दिवस मोकळें व्हावयाचें असतें. दुसऱ्याला सहा महिने घरच सोडवत नाहीं म्हणून तो तें गाडींत घालून नेतो. पहिल्याला वजन कमी करणें ही कला वाटते. दुसऱ्याचें वजन दारिद्र्यानें आधींच कमी करून ठेविलेलें असतें. तरीहि शिकावयाचें झालें, तर पहिल्यानें दुसऱ्यापाशींच शिकावें लागेल. भाईंदर व वसई ह्यांच्या दरम्यान २०२४ सालीं वाहनें नेणारी फेरी बोट सुरू झाली आहे. उद्यां एखादा सजविलेला ट्रेलर तारोडीच्या वाटेनें येऊन त्या बोटीवर चढेल. त्याच्या मालकानें घाटांतल्या रस्त्याला लागल्यावर ऊसतोडीच्या गाड्या पुढें दिसल्या, तर कर्णा वाजवून त्यांस बाजूला सारण्यापूर्वीं एवढें आठवावें कीं, ज्या विद्येवर तो सुखानें निजणार आहे, ती विद्या त्या गाड्यांतील माणसांनीं आपल्या उशापायथ्यानें जतन केलेली आहे. त्यांस वाट देणें, हें त्या विद्येचें मूल्य म्हणून फार नव्हे.