नर्स प्रॅक्टिशनर आणि डॉक्टर : प्राथमिक आरोग्यसेवेतील रुग्णांची तुलना

नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे रुग्ण तपासणे, निदान करणे व औषधे लिहून देणे यांसाठी जादा शिक्षण आणि कायदेशीर परवाना मिळालेली परिचारिका. लोरेटा फोर्ड (परिचर्या) व हेन्री सिल्व्हर (बालरोग) यांनी १९६५ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठात पहिला अभ्यासक्रम सुरू केला. नर्स प्रॅक्टिशनरचे रुग्ण डॉक्टरांच्या रुग्णांइतकेच बरे राहतात का, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासला जात आहे.

तुलनेच्या पद्धती : अभ्यास दोन प्रकारचे आहेत. यादृच्छिक चाचणीत कोणता रुग्ण कोणाकडे जाईल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवतात. त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखे असतात. निरीक्षणात्मक अभ्यासात विम्याच्या नोंदींतून झालेल्या उपचारांची गणती करतात. पहिल्या प्रकारात रुग्ण थोडे व कालावधी लहान असतो. दुसऱ्यात रुग्ण लाखोंनी मिळतात, पण मुळात सारखे नसतात.

बर्लिंग्टन चाचणी : कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात, बर्लिंग्टन येथील दोन कुटुंब-डॉक्टरांच्या दवाखान्यात ही चाचणी १९७१-७२ मध्ये झाली. वॉल्टर स्पिट्झर, डेव्हिड सॅकेट व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. १,०५८ कुटुंबे नेहमीच्या सेवेकडे व ५४० नर्स प्रॅक्टिशनरकडे नेमली गेली. वर्षअखेर मृत्युप्रमाण तसेच शारीरिक, मानसिक व सामाजिक क्षमता दोन्ही गटांत सारख्या आढळल्या. नर्सकडे आलेल्या सुमारे ६७ टक्के भेटी तिने डॉक्टरांना न विचारता हाताळल्या. मात्र तिच्या कामाचे शुल्क विम्याकडे मागता येत नसल्याने दवाखान्याचे उत्पन्न सुमारे ५ टक्क्यांनी घटले.

न्यूयॉर्कची चाचणी : मेरी मंडिंगर व सहकाऱ्यांची ही चाचणी जानेवारी २००० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तातडीच्या विभागात आलेल्या व नेहमीचा डॉक्टर नसलेल्या रुग्णांना पुढील सेवेसाठी यादृच्छिकपणे नेमण्यात आले : ८०६ नर्स प्रॅक्टिशनरकडे, ५१० डॉक्टरांकडे. बहुतेक रुग्ण स्पॅनिशभाषक स्थलांतरित होते. येथे दोन्ही गटांच्या चिकित्सकांना सारखेच अधिकार होते व शुल्कही सारखे मिळत होते, हे या चाचणीचे वैशिष्ट्य होय; पूर्वीच्या अनेक अभ्यासांत नर्स डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करी. सहा महिन्यांनी रुग्णांनी स्वतः सांगितलेले आरोग्यमान, मधुमेहींचे रक्तशर्करेचे नियंत्रण व दम्याच्या रुग्णांची फुफ्फुसक्षमता यांत लक्षणीय फरक नव्हता. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत नर्सच्या गटाचा खालचा दाब सरासरी ८२, तर डॉक्टरांच्या गटाचा ८५ मिमी होता. समाधानाच्या एका मापात डॉक्टरांना ५ पैकी ४.२ व नर्सना ४.१ गुण मिळाले. दोन्ही फरक व्यवहारात किरकोळ आहेत. सहा महिन्यांच्या मुदतीवर टीका झाली. दोन वर्षांच्या पाठपुराव्यातही (२००४) फरक दिसला नाही, पण त्यात ४०६ रुग्णच उरले होते.

ब्रिटन : इंग्लंड व वेल्समधील वीस दवाखान्यांच्या चाचणीत (२०००) नर्सची भेट सरासरी ११.५७ मिनिटे, तर डॉक्टरांची ७.२८ मिनिटे चालली. खर्चात लक्षणीय फरक पडला नाही.

एकत्रित आढावे : कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १८ यादृच्छिक चाचण्या आहेत. नर्सकडील रुग्णांचे आरोग्यपरिणाम डॉक्टरांकडील रुग्णांइतके किंवा किंचित चांगले, समाधान किंचित अधिक आणि भेटीचा वेळ जास्त, असा त्याचा निष्कर्ष आहे. खर्चाबाबत तो निश्चित काही सांगत नाही. त्यातील सर्वच परिचारिका नर्स प्रॅक्टिशनर नव्हत्या.

नोंदींवरील अभ्यास : अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्यात नर्स प्रॅक्टिशनरकडे जाणाऱ्यांत स्त्रिया, ग्रामीण, अपंग व गरीब रुग्णांचे प्रमाण तुलनेने जास्त आढळते. म्हणून कच्च्या आकड्यांची तुलना फसवी ठरते. शिवाय नर्सला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्केच रक्कम मिळते. ठरावीक अटींवर तीच भेट डॉक्टरांच्या नावावर पूर्ण दराने लावता येते. अशी भेट नोंदीत डॉक्टरांच्या खात्यात जमा होते.

वादाचे मुद्दे : स्वतंत्र व्यवसायाचा अधिकार अमेरिकेत राज्यागणिक वेगळा आहे आणि त्याबाबत डॉक्टरांच्या व परिचारिकांच्या संघटनांची मते परस्परविरोधी आहेत. माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील तातडीच्या विभागांवरील एका अर्थशास्त्रीय अभ्यासात (२०२२) नर्सकडे साधनांचा वापर जास्त व परिणाम कमी चांगले आढळले. मात्र ती प्राथमिक सेवा नव्हे.

भारत : आयुष्मान भारत योजनेतील (२०१८) समुदाय आरोग्य अधिकारी हे पद नर्स प्रॅक्टिशनरच्या काहीसे जवळचे आहे. महाराष्ट्रात त्यावर परिचारिकांबरोबर आयुर्वेद पदवीधरही नेमले जातात. त्यामुळे वरील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.