माहितीसंचयातील प्रवेश व अधिकार

संगणकातील माहितीसंचय वापरू इच्छिणारी व्यक्ती कोण आहे याची खात्री करून घेणे या क्रियेस प्रवेश अथवा लॉगिन म्हणतात. तर त्या व्यक्तीस कोणती माहिती वाचता, भरता, बदलता वा पुसता येईल हे ठरवून देणे यास अधिकारदान म्हणतात. यांपैकी कोणतीही क्रिया फसली, तरी वापरणाऱ्याच्या वाट्यास नकारच येतो. त्यामुळे व्यवहारात त्या दोहोंची गल्लत होते. वस्तुतः ‘तुम्ही कोण?’ व ‘तुम्हास काय करता येईल?’ हे दोन स्वतंत्र प्रश्न होत. ते एकमेकांपासून कसे वेगळे होत गेले, हाच या विषयाचा इतिहास असून प्रवेशातील दोष शोधण्याची आजची पद्धतही त्यातूनच सिद्ध झाली आहे.

प्रारंभ : आरंभीच्या संगणकावर एका वेळी एकच काम चालत असे व यंत्रापर्यंत कोणास जाऊ द्यावयाचे, हे खोलीच्या दारावरच ठरे. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो (१९२६–२०१९) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एकाच संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणाऱ्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. यंत्र सर्वांचे, परंतु फाइली ज्याच्या त्याच्या, अशी स्थिती निर्माण झाल्याने प्रत्येकास परवलीचा शब्द देण्यात आला. या व्यवस्थेतील उणिवा लवकरच उघड झाल्या. १९६२ मध्ये ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास आपल्या वाट्याचा संगणक-वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा त्यांनी परवलीच्या शब्दांची फाइल छापून देण्याची विनंती छिद्रित पत्रावरून यंत्रास केली व ती यंत्राने निमूटपणे पुरी केली. पुढे आणखी एक प्रसंग घडला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निराळ्या फाइलींत दुरुस्त्या करीत असता त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली. परिणामी प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले. या दोन्ही प्रसंगांत कोणी कुलूप फोडले नव्हते. किल्ल्यांचा जुडगाच उघड्यावर होता.

परवलीच्या शब्दाचे रक्षण : यावरील उपाय केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडम यांनी सुचविला व मॉरिस विल्क्स यांच्या १९६८ च्या ग्रंथात तो वर्णिलेला आहे. परवलीचा शब्द आहे तसा न साठविता, ज्यावरून मूळ शब्द काढता येत नाही अशा रूपांतरित स्वरूपात तो साठवावयाचा व प्रवेशाच्या वेळी टंकलेल्या शब्दाचे तसेच रूपांतर करून दोहोंची तुलना करावयाची, असे त्याचे तत्त्व आहे. बेल प्रयोगशाळेतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीच्या अनुभवावर लिहिलेल्या निबंधात ३,२८९ परवलीचे शब्द तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, शब्द अतिशय आखूड, केवळ लहान अक्षरांचे वा कोशात सापडणारे निघाले. तेव्हापासून प्रत्येक शब्दात यादृच्छिक अंशाची भर घालून मगच त्याचे रूपांतर करण्याची रीत रूढ झाली. या रीतीचा एक परिणाम लक्षात ठेवण्याजोगा आहे : परवलीचा शब्द विसरल्यास तो व्यवस्थापकासही सांगता येत नाही, नवा शब्दच द्यावा लागतो.

अधिकारांची भाषा : ओळख पटल्यानंतर काय, या प्रश्नाचे उत्तर प्रथम फाइलींच्या पातळीवर देण्यात आले. १९६५ मध्ये आरंभ झालेल्या मल्टिक्स प्रकल्पात प्रत्येक फाइलीस अधिकाऱ्यांची यादी जोडण्यात आली. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा व स्पष्ट परवानगी नसल्यास नकार हाच नियम असावा, ही त्यांतील दोन तत्त्वे विशेष प्रसिद्ध आहेत.

माहितीसंचयास मात्र फाइलीची पातळी अपुरी होती. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार माहिती सारण्यांत ठेवली जाऊ लागली व एकाच सारणीतील नावे एकास दिसावीत, पण वेतन दिसू नये, अशा गरजा निर्माण झाल्या. आयबीएम कंपनीच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक प्रणालीसाठी पॅट्रिशिया ग्रिफिथ्स व ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ मध्ये अधिकार देण्याची ‘ग्रँट’ व काढून घेण्याची ‘रिव्होक’ या आज्ञांची यंत्रणा मांडली. अधिकार पुढे देण्याची मुभाही तीत होती. त्यामुळे ‘अ’ने ‘ब’ला व ‘ब’ने ‘क’ला दिलेला अधिकार, ‘अ’ने तो ‘ब’कडून काढून घेतल्यावर ‘क’कडे राहील काय, असा प्रश्न उपस्थित झाला. जणू ते अधिकारदान मुळी झालेच नव्हते अशी स्थिती व्हावी, असे त्याचे उत्तर ठरले. ‘क’ला तो अधिकार अन्य मार्गाने मिळालेला असेल, तरच तो टिकतो. या यंत्रणेत ज्यास अधिकार असावयास हवा, त्यासही क्वचित नकार मिळू शकतो, हे रोनाल्ड फॅगिन यांनी १९७८ मध्ये उदाहरणाने दाखविले व दुरुस्ती सुचविली. अन्याय्य नकार हाही प्रणालीचा दोषच होय, हे त्यातून स्पष्ट झाले.

व्यक्तींची संख्या वाढली तसे एकेकास अधिकार देणे अवघड होऊ लागले. डेव्हिड फेराइओलो व रिचर्ड कून यांनी १९९२ मध्ये व्यक्तीऐवजी तिच्या भूमिकेस अधिकार देण्याची पद्धत सूत्रबद्ध केली. १९९९ च्या एसक्यूएल प्रमाणकात भूमिकांना स्थान मिळाले.

दोषसंदेश व त्यांचा उलगडा : नकाराचा संदेश हेतुतः मोघम ठेवलेला असतो. ‘असे नाव येथे नाही’ असे कळविले, तर कोणती नावे आहेत हे परक्यास चाचपून ठरविता येईल. म्हणून ओरॅकल प्रणालीचा ०१०१७ क्रमांकाचा संदेश नाव वा परवलीचा शब्द चुकीचा आहे एवढेच सांगतो. तसेच अधिकार नसलेली सारणी मागितल्यास ‘सारणी अस्तित्वात नाही’ असे उत्तर येऊ शकते. एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीचा १८४५६ हा संदेशही वापरणाऱ्यास कारण कळू देत नाही. परंतु सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदवहीत खरे कारण स्थितिक्रमांकाने नोंदविले जाते. उदा., ५ म्हणजे नाव अज्ञात व ८ म्हणजे परवलीचा शब्द चुकीचा. म्हणून दोष शोधताना वापरणाऱ्याच्या पडद्यापेक्षा सर्व्हरची नोंदवही आधी पाहणे इष्ट ठरते.

ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे, हे विसरल्यानेही पुष्कळ घोटाळे होतात. मायएसक्यूएल प्रणालीत नाव व ज्या संगणकावरून विचारणा होते त्याचा पत्ता मिळून एक खाते बनते. त्यामुळे एकच नाव एका संगणकावरून चालते व दुसऱ्यावरून नाकारले जाते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व्हरच्या पातळीवरील खाते व माहितीसंचयातील वापरकर्ता यांचा दुवा नाव नसून एक अंतर्गत ओळखक्रमांक असतो. संचय दुसऱ्या सर्व्हरवर हलविल्यास तेथे त्याच नावाचे खाते असले, तरी क्रमांक जुळत नाही. अशा वापरकर्त्यास ‘अनाथ’ म्हणतात. त्याचा प्रवेश सर्व्हरपर्यंत होतो, पण त्या संचयाचे दार उघडत नाही. येथे नवा परवलीचा शब्द देऊन काहीच साधत नाही. तुटलेला दुवा पुन्हा जोडावा लागतो.

सर्वाधिकाराचा मोह : नकाराचे कारण सापडत नाही, तेव्हा संबंधितास सर्व अधिकार देऊन मोकळे होण्याचा मोह व्यवस्थापकास होतो. काम तत्काळ सुरू होते; दोष मात्र नाहीसा न होता झाकला जातो. मे २००२ मध्ये पसरलेल्या एका संगणक-कृमीने एसक्यूएल सर्व्हरचे ‘एसए’ हे सर्वाधिकारी खाते परवलीच्या शब्दाविना ठेवलेले संगणक हेरून त्यांत शिरकाव केला. १९६२ मध्ये यंत्राने मागेल त्यास फाइल छापून दिली होती. चाळीस वर्षांनंतर माणसांनी दार उघडे ठेवले. यासाठी नकार मिळताच प्रथम ओळख पटली की नाही हे पाहावे, ती पटली असल्यास कोणता अधिकार उणा आहे ते शोधावे आणि तेवढाच द्यावा. हा क्रम सावकाशीचा वाटला, तरी माहितीचे रक्षण व तिचा रास्त उपयोग ही दोन्ही उद्दिष्टे त्यानेच साधतात.