रोज एक रुपया वाढवत गेल्यास वर्षाला किती जमतात?

१ जानेवारीला १ रुपया, २ जानेवारीला २, असे करत ३१ डिसेंबरला ३६५ रुपये डब्यात टाकायचे. बचतीचे असे ‘चॅलेंज’ सोशल मीडियावर फिरत असते. वर्षभराची रक्कम काढायला ३६५ आकड्यांची बेरीज करावी लागत नाही. आकडे दर वेळी सारख्याच फरकाने वाढत असतील, तर त्या मांडणीला अंकगणिती श्रेढी म्हणतात. दहावीच्या गणितातली तीच. पहिला आणि शेवटचा आकडा मिळवून निम्मे केले की सरासरी मिळते: (१ + ३६५) ÷ २ = १८३. तिला दिवसांनी गुणले की झाले: १८३ × ३६५ = ६६,७९५ रुपये.

खरी गोम महिन्यांच्या हिशेबात आहे. जानेवारीत रोजची सरासरी १६, म्हणजे ३१ दिवसांचे अवघे ४९६ रुपये. डिसेंबरात ३३५ पासून ३६५ पर्यंत, सरासरी ३५०, म्हणजे तब्बल १०,८५० रुपये. (३६५ वजा ३३५ म्हणजे ३०, पण दिवस ३१ असतात. दोन्ही टोके धरायची असल्याने १ मिळवावा लागतो. इथे हमखास चूक होते.) पगार मात्र तोच, आणि दिवाळीचा खर्च नुकताच झालेला.

क्रम उलटा करून ३६५ पासून सुरुवात केली, तरी बेरीज बदलत नाही. जड महिना तेवढा जानेवारी होतो. रोज सरळ १८३ रुपये टाकले तरीही वर्षअखेर ६६,७९५ च जमतात, आणि आज कितवा दिवस हे मोजत बसावे लागत नाही.