वेशीबाहेरचे साकेत नगर

आपल्या नागपूरच्या ग्रंथालयाच्या शताब्दी-स्मरणिकेत भोपाळच्या एका वस्तीविषयी लिहावे, हे वाचकांस काहीसे अप्रस्तुत वाटेल. परंतु या ग्रंथालयाच्या जुन्या सभासदांपैकी काही कुटुंबे भोपाळास गेली, त्यांतील एक आमचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला, आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. अशा उलथापालथीत सचिवालयातील कारकुनाचे मत कोणी विचारीत नाही. वडिलांनी पुस्तके परत केली, अनामत रक्कम घेतली आणि गाडी गाठली.

१९५१ च्या जनगणनेत भोपाळची वस्ती जेमतेम लाखाच्या आसपास होती. चौक, कुदसिया बेगमेने बांधविलेली जामा मशीद आणि तलावाकाठची जुनी पेठ, एवढाच तेव्हा गावाचा मध्य. नोकरवर्गासाठी दक्षिणेस नवी वसाहत उभी राहिली आणि तिला नाव मिळाले तात्या टोपे नगर. नागपूरकरांस तेवढाच दिलासा! बाजीरावाने १७३७ च्या अखेरीस याच भोपाळात निजामास कोंडले व पुढच्या जानेवारीत दोराहा-सराईचा तह करून घेतला, ही हकीकत वडील आल्यागेल्या पाहुण्यास रंगवून सांगत. भाजीवाल्याशी मात्र हिंदीतच बोलावे लागे.

तात्या टोपे नगरातील सरकारी क्वार्टरमध्ये माझे बालपण गेले. स्मार्ट सिटी प्रकल्पासाठी पुढे तेथील पुष्कळ घरे पाडली गेली, त्यांत आमचेही गेले. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर घरात अधिक दक्षिणेस राहावयास जाण्याची भाषा सुरू झाली, आणि वडिलांनी साकेत नगरात एक लहानसा भूखंड घेतला. साकेत म्हणजे अयोध्या. आप्तांनी मात्र त्यास वनवास म्हटले. एका बाजूस अवजड विद्युत-यंत्रांच्या कारखान्याची वसाहत, दुसरीकडे हबीबगंजचे छोटे स्थानक, पलीकडे विद्यापीठ. रात्री मालगाडीचा आवाज थेट उशाशी येई. निवृत्तीनंतर वडिलांना हवी होती ती शांतता त्यांना येथे मिळाली.

ती टिकली नाही. २०११ च्या जनगणनेत शहर अठरा लाखांच्या घरात पोहोचले होते, आणि त्याचा मध्य दक्षिणेकडे सरकत सरकत आमच्या फाटकाशी आला. २०१२ साली वस्तीलगत एम्स या केंद्रीय वैद्यकीय संस्थेचे अध्यापन सुरू झाले. मागोमाग रुग्णालय, औषधांची दुकाने, खाणावळी, विद्यार्थ्यांच्या खोल्या. नावेही ओळखीची राहिली नाहीत. हबीबगंज २०२१ साली राणी कमलापती झाले, होशंगाबाद २०२२ साली नर्मदापुरम् झाले. त्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका आखली गेली आणि काही वर्षांनी उखडलीही गेली. (नगररचनेतील शहाणपणाचा हा एक नमुनाच.) डिसेंबर २०२५ मध्ये एम्सपर्यंत मेट्रोही धावू लागली. आता फाटकासमोर परक्या मोटारी उभ्या असतात आणि मालगाडी ऐकूच येत नाही.

घर विकावे, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. किंमत उत्तम येईल हे खरेच. मीही जवळजवळ कबूल झालो होतो.

परंतु या गर्दीत एक गोष्ट अशी घडली, जी शांततेच्या काळात कधी घडली नव्हती. रस्त्यावर मराठी ऐकू येऊ लागली. मुलताई, पांढुर्णा, सौंसर हा मुलूख १९५६ मध्ये सीमारेषेच्या अलीकडे, मध्य प्रदेशातच राहिला. नागपूर उशाशी असूनही तेथील काही रुग्ण राज्याच्या राजधानीत उपचारास येतात. चहाच्या टपरीवर त्यांचे बोलणे कानी पडते. त्या बोलीत हिंदीचे मिश्रण असते, पण हेल मात्र आपल्या वऱ्हाडी-नागपुरीचा. घरातील हिंदी बोलणाऱ्या नातवंडांस ती मराठी गमतीची वाटते, आणि वृद्ध आईस ती माहेरची वाटते.

गेल्या पावसाळ्यात मुलताईकडील एक बाई, नवऱ्यास रुग्णालयात दाखल करून, खोलीच्या शोधात दारोदार फिरत होती. आमच्या दाराशी येऊन तिने हिंदीत विचारणा केली. आईने आतूनच विचारले, "कोणत्या गावची गं तू?" बाई क्षणभर गप्प राहिली, मग पायरीवरच बसली आणि रडू लागली. वरची खोली तेव्हापासून भाड्याने द्यायची नाही, असे आईने बजावले आहे. भावाचा दूरध्वनी दर रविवारी येतो. मी अजून उत्तर दिलेले नाही.