टोमॅटोच्या साराची उलटी वंशावळ

टोमॅटोचे सार हा मराठी घरात इतका सवयीचा पदार्थ आहे की त्यालाही काही इतिहास असेल, असे आपल्या मनात येत नाही. आमसुलाचे सार, चिंचेचे सार, टोमॅटोचे सार अशी नावे आपण एका दमात घेतो, जणू तिघेही एकाच घराण्यातले सख्खे भाऊ. त्यातला तिसरा मात्र पुष्कळ उशिरा दत्तक आलेला आहे. आणि त्याच्याबरोबर पातेल्यात पडणारी मिरची ही त्याच्या माहेरची आहे, ही गोष्ट तर आपण पुरती विसरलो आहोत.

टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही फळे अमेरिका खंडातली. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांच्या जेवणात ती एकत्रच नांदत होती. बेर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात त्या समाजाविषयी जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यात बाजारात तिखट कालवणे विकणाऱ्यांचे वर्णन आहे. मिरची, टोमॅटो, भोपळ्याच्या बिया अशा जिनसांचे किती प्रकार ते विकत असत, याची यादी वाचताना तोंडाला पाणी सुटते. म्हणजे टोमॅटोचा तिखट रस ही कल्पना आधुनिक तर नाहीच, युरोपीयही नाही.

जोडीने राहणाऱ्या या दोघांची भारतात येताना मात्र ताटातूट झाली. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली आणि बघता बघता देशभर पसरली. टोमॅटो रेंगाळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज वॉट यांनी भारतातील उपयुक्त वनस्पतींचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यातही टोमॅटोची लागवड मुख्यतः गोऱ्या लोकांसाठी होते, देशी लोकांना तो आता कुठे आवडू लागला आहे, अशा अर्थाची नोंद आहे. तीनेकशे वर्षांचे हे अंतर कशामुळे पडले असावे? मला त्याचे उत्तर भाषेत दडलेले वाटते.

मिरचीला आपण घरचे नाव दिले. मूळ संस्कृत ‘मरिच’, त्यावरून मिरी आणि मिरीवरून मिरची. तिखटाची जागा आपल्या स्वयंपाकात आधीपासून होती. त्या जागेवर मिरे बसलेले होते, पण ते महाग आणि परसात न उगवणारे. मिरचीने ती जागा घेतली आणि जागेबरोबर नावही घेतले. टोमॅटोला अशी रिकामी जागा नव्हती. आंबटपणासाठी देशावर चिंच होती, कोकणात आमसूल होते, शिवाय ताक, लिंबू, कैरी. एवढ्या गर्दीत नव्या आंबटाची कुणाला काय निकड? विदर्भात ‘भेदरं’ हे त्याचे बोलीतले नाव रुळले खरे, आणि बंगालीत ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे, हे नाव पडले. प्रमाण मराठीत मात्र परके नावच टिकले.

तेही कसे, पाहा. ‘टोमॅटो’मधला ‘मॅ’ इंग्रजांच्या उच्चारात नाही, अमेरिकनांच्याही नाही. एक ‘मा’ म्हणतो, दुसरा ‘मे’. आपला ‘मॅ’ बहुधा रोमन अक्षरे पाहून ठरवलेला असावा. कानाने आलेला शब्द निराळा आणि डोळ्याने आलेला निराळा. ‘बटाटा’ हा पोर्तुगीज शब्द कानाने आला. ‘टोमॅटो’ पाटीवरून, बियांच्या पाकिटावरून किंवा पुस्तकावरून आला असावा असा माझा तर्क आहे. गंमत म्हणजे मुळातही या नावात एक गफलत आहे. ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘तोमात्ल’ हा शब्द प्रामुख्याने पापुद्र्यात गुंडाळलेल्या हिरव्या फळासाठी होता. आपल्या ओळखीचे लाल फळ ते ‘शितोमात्ल’. स्पॅनिशांनी दोघांनाही ‘तोमाते’ करून टाकले आणि तोच घोटाळा इंग्रजीमार्गे आपल्या भाजीवाल्याच्या तोंडी आला.

आता दुसरी शाखा. सोवळ्यातले श्राद्धाचे जेवण असो की पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद, टोमॅटोला तिथे मज्जाव राहिला. पण रोजच्या स्वयंपाकात तो हळूहळू शिरला तो भाजी म्हणून कमी आणि चिंचेचा बदली कामगार म्हणून अधिक. साराची चौकट तयारच होती : पातळ, आंबट, थोडे गोड, वरून तुपाची फोडणी. त्या चौकटीत टोमॅटो बसवला आणि तिथे आधीच ठाण मांडून बसलेल्या मिरचीशी त्याची पुन्हा गाठ पडली. हे पहिल्यांदा कोणत्या घरात घडले, कोणत्या बाईने केले, याची नोंद कुठेही नाही. असण्याचे कारणही नाही, कारण तिला तो शोध वाटलाच नसणार.

अमेरिकेत याच्या अगदी उलट. तिथे टोमॅटोच्या रसाला जन्मस्थळ आहे, साल आहे, जनकाचे नाव आहे. १९१७ साली इंडियाना राज्यातील फ्रेंच लिक येथल्या हॉटेलात संत्री संपली, म्हणून लुई पेरॅ या आचाऱ्याने पाहुण्यांना न्याहारीला टोमॅटोचा रस दिला, अशी कथा सांगितली जाते. पुढे फेर्नां पेतियो या मद्यशाळेतल्या कारागिराने व्होडका आणि टोमॅटोच्या रसात मीठ, मिरपूड, तिखट, लिंबू आणि वुस्टरशायर सॉस घालून ‘ब्लडी मेरी’ नावारूपाला आणली. १९३४पासून तो न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात काम करीत होता. हा वुस्टरशायर सॉस म्हणजे या साऱ्या वंशावळीतला सर्वांत मौजेचा दुवा आहे. १८३७पासून बाजारात असलेल्या या सॉसची कृती बंगालच्या कुणा लॉर्ड सँडिस नामक गव्हर्नराने विलायतेत नेली, अशी दंतकथा आहे. ती खोटी आहे. त्या नावाचा गव्हर्नर बंगालला कधी झालाच नाही. पण त्या सॉसमध्ये चिंच असते, हे मात्र खरे. म्हणजे आपण साराच्या पातेल्यातून चिंच काढून टोमॅटो घातला आणि त्याच सुमारास तिकडे टोमॅटोच्या रसात बाटलीतून चिंचेचे थेंब पडू लागले. दोन्हीकडे तोंडाला हवे होते ते जवळजवळ एकच.

नाव असलेले आणि नाव नसलेले असे हे दोन इतिहास शेजारी ठेवले की एक तांत्रिक मुद्दाही लक्षात येतो. कच्चे टोमॅटो मिक्सरमध्ये फिरवून घरी रस काढला, तर थोड्याच वेळात पाणी एकीकडे आणि गर एकीकडे होतो. फळ चिरडले की त्यातली वितंचके गराला धरून ठेवणाऱ्या पेक्टिनचे तुकडे करतात, म्हणून असे होते. अमेरिकन कारखानदारांनाही या फुटणाऱ्या रसाने सतावले होते. १९२०च्या दशकात इंडियानातल्या केम्प कुटुंबाने अनेक वर्षे प्रयोग करून आइस्क्रीमच्या धंद्यातले यंत्र वापरले, गराचे कण अतिसूक्ष्म केले आणि एकजीव रस बाजारात आणला. सार करणारी बाई मात्र टोमॅटो आधी अख्खे उकडते आणि मग साल काढून गर चाळणीतून घासते. आधी उष्णता आणि मग चिरडणे, या क्रमामुळे वितंचके काम सुरू होण्यापूर्वीच निकामी होतात आणि रस दाट राहतो. मोठ्या कारखान्यांतही टोमॅटो चिरडता चिरडताच वेगाने तापवण्याची पद्धत याच कारणासाठी आहे. तिथे तिला स्वतंत्र नाव आहे. आपल्याकडे तिचे वर्णन ‘आधी उकडून घ्या’ एवढेच.

ज्याला घरी हा तिखट रस करून पाहायचा असेल त्याने म्हणून जुन्याच क्रमाने जावे. पिकलेले, घट्ट, लालभडक टोमॅटो उकडावेत. गाळलेल्या गरात पाणी, मीठ, गुळाचा खडा, ठेचलेली हिरवी मिरची आणि आले घालून एक उकळी आणावी. साजूक तुपात जिरे, हिंग, कढीलिंब आणि सुकी मिरची यांची फोडणी द्यावी. नारळाचे दूध घालायचे असेल तर ते पातेले उतरवल्यावरच. उकळत्या आंबटात ते फाटते. गार करून पेल्यातून प्यायले तर त्याला ज्यूस म्हणता येईल, गरम असताना वाटीला तोंड लावून भुरका मारला तर सार.