गेममधील भूप्रदेश : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

व्हिडिओ गेमचे स्थळ खऱ्या भूगोलावरून रचण्याची पद्धत, आणि तिच्या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील कल्याण–कर्जत लोहमार्गावरची तीन शहरे. मोठ्या गेममध्ये भारत आला तो बहुधा ठळक खुणा मिरवीत. ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ (2017) पश्चिम घाटात घडतो, पण त्याची शिल्पे कर्नाटकातल्या होयसळांची. ‘हिटमॅन 2’ (2018) मध्ये मुंबईची दाट वस्ती आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ (2020) साठी राजस्थानी वास्तूंकडे पाहिले. गेम रचणाऱ्याला मात्र देखाव्याइतकाच अडथळाही हवा असतो : खेळणारा कुठे अडेल, कुठून वळसा घेईल, कुठे चढेल. त्या निकषावर कल्याणच्या पुढचा हा पट्टा खुद्द मुंबईपेक्षा उजवा ठरावा.

येथे होकायंत्राचे काम रूळ करतात. स्टेशनची एक बाजू ‘पूर्व’ आणि दुसरी ‘पश्चिम’ ही मुंबईची रीत इथवर आली. पण कल्याणनंतर कर्जतची लाइन आग्नेयेकडे वळते. परिणामी अंबरनाथ ‘पूर्व’मधले शिवमंदिर स्टेशनच्या नैर्ऋत्येला येते. उत्तर वर धरणारा मिनीमॅप या गावात परक्याला हमखास चकवील. तेव्हा मॅप रुळांच्या हिशेबाने फिरवलेलाच बरा, कारण स्थानिक माणसाच्या डोक्यातला नकाशाही तसाच असतो.

उल्हासनगरची रचना छावणीची. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी तळावर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि 1949 मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे नामकरण झाले. पाच कॅम्प, त्यांत सेक्शन, त्यांत बॅरेक; पत्ता आजही ‘कॅम्प 3, सेक्शन 17’ असा सांगतात. लष्कराने आखलेल्या या चौकटीत पुढे दुकाने, जीन्सचे कारखाने, फर्निचरचा बाजार आणि मजल्यांवर मजले शिरले. सुमारे 13 चौरस किलोमीटरमध्ये 2011 च्या जनगणनेत 5,06,098 माणसे मोजली गेली. ओपन वर्ल्ड म्हणजे अफाट माळरान, ही समजूत येथे गळून पडते. या शहराचा गेम गल्लीच्या रुंदीवर आणि गच्च्यांवर उभा राहील. मात्र बॅरेक हे विस्थापितांचे पहिले घर होते. त्याला केवळ लपाछपीचे मैदान करणे उथळपणाचे.

अंबरनाथचे मंदिर वालधुनीच्या काठी आहे. शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, आणि शिलाहार राजा मामवाणी यांचा उल्लेख येतो. गेमकाराला मोह पडेल तो बाहेरच्या शिल्पांचा. खरी गंमत आत आहे. गाभारा सभामंडपाच्या पातळीत नाही, पायऱ्यांनी खाली उतरावे लागते, आणि शिखर अपुरे असल्याने वर आकाश दिसते. प्रकाश वरून, वाट खाली : गेममधल्या तळघरांना सहसा न साधणारी योजना. वालधुनीचे पाणीही दाखवायचे तर कारखान्यांच्या सांडपाण्यासकट दाखवावे. निर्मळ नदी येथे खोटी वाटेल.

दक्षिणेला मलंगगड, नवरा–नवरी, ताहुली, चंदेरी अशी डोंगररांग आहे. मलंगगड 1780 मध्ये, पहिल्या इंग्रज–मराठा युद्धात, वेढला गेला होता. बालेकिल्ल्याकडे जाताना एक खिंड लोखंडी पाइपाच्या आधाराने ओलांडतात; त्या जागी कृत्रिम कसरत रचायची गरजच नाही. अडचण आहे ती उंचीच्या मोजणीत. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने केलेल्या रडार सर्वेक्षणातली फुकट मिळणारी उंची सुमारे 30 मीटरच्या चौकोनांत असते, आणि नवरा–नवरीसारखे सुळके तेवढ्या जाळीत बुटके, गोलसर होऊन बसतात. कातळाचा उभार ड्रोनच्या फोटोंवरून किंवा हातानेच घडवावा लागेल.

बदलापूरचा गेम पावसाचा. बहुतेक गेममध्ये पाऊस पडला की रस्ते चकाकतात, धुके येते, नदी मात्र आहे तेवढीच राहते. उल्हास तशी वागत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात तिने बदलापूरची घरे बुडवली. 27 जुलै 2019 रोजी मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणी दरम्यान पाण्याने वेढली गेली आणि हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. गेममध्ये हा पूर घड्याळासारखा वापरता येतो : आधी बाजूचे शेत जाते, मग रस्ता, शेवटी रूळ, आणि शहराची पूर्व–पश्चिम अशी ओळख पुसून फक्त उंच जागा उरतात. पण हे पाणी गावातल्या पावसाचे नसते, वरच्या घाटातून उतरलेले असते. बदलापुरात ऊन असतानाही नदी चढू शकते. हे नेमके साधायचे तर मॅपची हद्द शहराच्या वेशीवर थांबवून चालत नाही. खेळणारा तिथवर कधी जाणार नसला तरी कर्जत–खंडाळ्याच्या बाजूचे डोंगरउतार हिशेबात घ्यावे लागतात.