रेखेचा सराव : मुंबईची श्रेणी-परीक्षा, सेवाग्रामची नई तालीम आणि केळझरची शाळा

वर्ध्याच्या ईशान्येस सुमारे २५ किलोमीटरांवर, नागपूरकडे जाणाऱ्या मार्गालगत केळझर हे गाव आहे. टेकडीवरील गणपतीचे देवस्थान व जुन्या किल्ल्याचे अवशेष यांमुळे ते विदर्भात सर्वपरिचित आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, अशी लोकपरंपराही तेथे नांदते. त्या परंपरेची सत्यासत्यता तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. येथील प्रश्न त्याहून साधा आहे. केळझरसारख्या गावातील शाळेत एखादा मुलगा हात न थांबवता सरळ रेषा ओढण्याचा, घागरीच्या तोंडाचे लंबवर्तुळ काढण्याचा किंवा यथादर्शनात पेटी उभी करण्याचा सराव करतो, तेव्हा तो नकळत कोणत्या इतिहासाचा वारस होतो? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सरावामागे शतकाहून अधिक काळाचा वाद आहे, आणि त्या वादाच्या दोन्ही बाजू वर्धा जिल्ह्यात एकत्र आल्या आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

प्रथम मुंबईकडील बाजू पाहू. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर, कारखान्यांतील मालाचा आकार व नक्षी यांत आपला देश फ्रान्सच्या मागे आहे, अशी चिंता इंग्लंडमधील विचारवंतांस वाटू लागली. १८५२ मध्ये हेन्री कोल याच्या नेतृत्वाखाली उपयोजित कलेचे खाते निघाले, व रिचर्ड रेडग्रेव्ह याने चित्रकलेच्या शिक्षणाचा २३ पायऱ्यांचा अभ्यासक्रम सिद्ध केला. त्याची सुरुवात उपकरणांच्या साहाय्याने करावयाच्या रेखनाने होई. नंतर मुक्तहस्त बाह्यरेषा, नंतर घन आकार, आणि अखेरीस छायाप्रकाश, रंग व मानवाकृती असा क्रम असे. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालोत्सी याने रेषा, कोन व चौरस यांना दृष्टीची मुळाक्षरे मानून त्यांवर शिक्षण उभारण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स संस्थानाने १८७० मध्ये कायद्यान्वये सार्वजनिक शाळांत चित्रकला आणली, तीही औद्योगिक गरजेपोटीच. म्हणजे शालेय चित्रकला ही त्या काळी ललितकलेची पहिली पायरी म्हणून नव्हे, तर कामगाराच्या हाताची शिस्त म्हणून शाळेत शिरली.

हीच पद्धती मुंबईस आली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईची कलाशाळा सुरू झाली. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स व लॉकवुड किपलिंग हे शिक्षक इंग्लंडहून आले, आणि पुढील वर्षी शोभाचित्रण, मूर्तिकाम व नक्षीदार लोहकाम यांच्या कार्यशाळा निघाल्या. १८७९ मध्ये रेखनशिक्षण हा स्वतंत्र विषय झाला, व १८९३ मध्ये चित्रकला-शिक्षक तयार करण्याचा वर्ग उघडण्यात आला. या वर्गातून शिकून गेलेले ड्रॉइंगमास्तर निरनिराळ्या शाळांत पोचले. त्यांच्याबरोबर एलिमेंटरी व इंटरमीजिएट या श्रेणी-परीक्षा, मुक्तहस्त रेखन, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती हे शब्दही मराठी घरांत रुळले. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले व पुढे तेथेच शिक्षक झाले. त्यांचे १९४० मध्ये प्रसिद्ध झालेले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन या शिक्षणाचे आतून घडणारे दर्शन म्हणून अभ्यासकाने अवश्य पाहावे.

या पद्धतीवर जे आक्षेप घेण्यात आले ते सर्वश्रुत आहेत. विद्यार्थी नमुन्याची नक्कल करतो, वस्तूकडे पाहत नाही. खोडरबराने रेषा घासून घासून सुबक करतो, पण ती निर्जीव राहते. परदेशी नक्षीचे नमुने गिरवून देशी दृष्टी मावळते. कलकत्त्याच्या कलाशाळेत १८९६ मध्ये आलेल्या ई. बी. हॅवेल याने हा आक्षेप सर्वांत प्रखरपणे मांडला. अवनीन्द्रनाथ ठाकूर व त्यांचे शिष्य नंदलाल बसू यांच्या द्वारा हा विचार पुढे शांतिनिकेतनात स्थिरावला.

शांतिनिकेतनचा हा विचार वर्ध्यास कसा आला ते आता पाहू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास राष्ट्रीय शिक्षणाची परिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना तयार केली. या योजनेत चरखा व सूत यांना जे स्थान मिळाले त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु मातृभाषा, गणित, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांच्या जोडीने चित्रकला हाही विषय तीत होता, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. नजरेला आकार व रंग यांतील भेद कळावा, पाहिलेला आकार स्मरणात राहावा, सौंदर्याची जाण यावी, आणि जी वस्तू करावयाची तिचे कामाचे रेखाचित्र मुलाला काढता यावे, अशी त्या विषयाची उद्दिष्टे होती. पुढे १९४४ पासून जवळजवळ दोन दशके नंदलाल बसूंच्या परंपरेत शिकलेले देवीप्रसाद हे सेवाग्रामला कलाशिक्षक होते. चित्रकार व कुंभकार अशा दुहेरी नात्याने त्यांनी कला हाच शिक्षणाचा पाया मानला, व मुलाच्या स्वतंत्र अभिव्यक्तीस मोठे मोल दिले.

वर्धा जिल्हा तोपर्यंत मुंबईच्या शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेर होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाकडे पुढे रेखाकला परीक्षांचा कारभार आला. याप्रमाणे ज्या जिल्ह्यात नई तालीमचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यातील शाळांवर मुंबईच्या परंपरेतून आलेल्या परीक्षेचीही मांड बसली. एकीकडे परीक्षेची शिस्त, दुसरीकडे अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, असा हा विरोध सामान्यतः मांडला जातो. आमच्या मते ही मांडणी अपुरी आहे, आणि तिच्यामुळे मूळ मुद्दाच दृष्टीआड होतो.

कारण या दोन्ही परंपरा आपापल्या निर्णायक क्षणी एकाच ठिकाणी गेल्या, ते ठिकाण म्हणजे अजिंठा. ग्रिफिथ्स याने १८७२ पासून १८८५ पर्यंत मुंबईच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांपैकी बऱ्याचशा लंडनमध्ये १८८५ मध्ये लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. तथापि १८९६-९७ मध्ये त्याचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तेथील रेखेविषयी त्याचा अभिप्राय लक्षणीय आहे. उभ्या भिंतीवर आणि त्याहून अवघड अशा छतावरही लांब, सूक्ष्म वळणाच्या रेषा कुंचल्याच्या एकाच ओढीत अचूकपणे काढलेल्या आहेत, असे त्याने नमूद केले. भारतीय विद्यार्थ्यापुढे ठेवण्यास याहून चांगले नमुने नाहीत, असेही त्याचे मत होते. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत नंदलाल बसू आदी तरुण चित्रकार त्याच गुंफांत प्रतिकृती करण्यास गेले, आणि पुढे नंदलालांनी विद्यार्थ्यांसाठी ‘रूपावली’ ही रेखनाची पाठमाला केली. परस्परांवर टीका करणाऱ्या दोन शाळांनी आपल्या विद्यार्थ्यांना पाठविले ते एकाच भिंतीसमोर, आणि शिकविले तेही एकच : न थांबणारी, न खोडलेली, निश्चयाची रेषा.

आपल्या शास्त्रग्रंथांतही याला आधार आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात, आचार्य हे चित्रातील रेखेची प्रशंसा करतात, इतर जन मात्र छाया, अलंकार वा रंगांची वैपुल्यता पाहतात, असा विवेक केलेला आहे. त्याच प्रकरणात शरीराची नऊ स्थाने व क्षयवृद्धी, म्हणजे दृष्टिकोनानुसार अवयवांचे आखूड वा मोठे दिसणे, यांचे विवेचन आहे. युरोपीय यथादर्शनाची भूमिती त्यात नाही हे खरे; पण वस्तू जशी आहे तशी नव्हे, तर जशी दिसते तशी मापावी, हा विचार तेथे निःसंशय आहे. तेव्हा रेखेचा सराव हा केवळ परक्यांनी लादलेला उपचार होता, असे म्हणणे पुराव्यास धरून होणार नाही.

हा सराव प्रत्यक्षात काय शिकवितो हे पाहण्यास सेवाग्रामचाच पेटी चरखा घ्यावा. तो उघडून समोर ठेवला म्हणजे एक आयताकार पेटी व तीत आडवी बसलेली दोन चाके दिसतात. पेटीच्या समांतर कडा दूर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि वाढविल्यास नजरेच्या पातळीवरील क्षितिजरेषेवर एका बिंदूत मिळतात. चाक वाटोळे असूनही लंबवर्तुळ दिसते. ते यथादर्शनातील चौरसात बसविले, तर चौरसाचे कर्ण जेथे छेदतात तो चाकाचा खरा मध्य; परंतु लंबवर्तुळाचा मध्य त्याहून किंचित पाहणाऱ्याकडे सरकलेला असतो. लंबवर्तुळाचा मोठा अक्ष चाकाच्या आसाशी काटकोनात राहतो. हे नियम पाठ करून हाताला येत नाहीत. मनगट न टेकता, खांद्यातून हात फिरवून, आधी कागदावर हवेतल्या हवेत वळण घेऊन मग एका ओढीत रेषा उतरविणे, चुकली तर न खोडता शेजारी दुसरी काढणे, असे शेकडो वेळा केल्यावरच ते येतात. बैलगाडीचे चाक, जाते, हंडा ही खेड्यातील नित्याची साधने याच नियमांची उदाहरणे होत. मुंबईच्या पद्धतीला जे घन व वर्तुळचिती म्हणून हवे होते, तेच सेवाग्रामच्या समितीला कामाचे रेखाचित्र म्हणून हवे होते.

यावरून दोष सरावात नसून त्याच्या मूल्यमापनात होता, असा निष्कर्ष निघतो. परीक्षकापुढे जाणारा कागद स्वच्छ व पुरा असावा लागतो. त्यामुळे शंभर रेषांचा सराव मागे पडून एकच रेषा शंभर वेळा घासण्याची सवय लागली. अलीकडच्या काळात श्रेणी-परीक्षेच्या यशाबद्दल शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळू लागल्यामुळे ही प्रवृत्ती बळावण्याचा संभव आहे. उलट पक्षी, स्वातंत्र्याच्या नावाखाली सरावच वगळला, तर ज्या मुलाच्या घरी पुस्तके वा चित्रे नाहीत त्याचीच सर्वांत मोठी हानी होते. शहरातील मुलाला दुसऱ्या वाटा असतात, केळझरच्या मुलाला शाळेतील तो एक तासच असतो.

इतिहासाच्या अभ्यासकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली साधनांविषयी आहे. शिक्षणखात्यांचे अहवाल व समित्यांचे वृत्तान्त ग्रंथालयांत जपले जातात. परंतु ज्या वह्यांत हा इतिहास खरोखर घडला त्या रद्दीत जातात. जुन्या शाळांच्या कपाटांतील सरावाच्या वह्या, नमुन्यांचे तक्ते व लाकडी घन यांचा संग्रह विभागाने हाती घ्यावा. दुसरी गोष्ट स्वतःविषयी आहे. केळझरच्या टेकडीवरील एखाद्या बुरुजाचे छायाचित्र क्षणात घेता येते. परंतु त्याच्या माथ्याचे लंबवर्तुळ व पायथ्याचे लंबवर्तुळ यांतील फरक कागदावर उतरवू लागले म्हणजे बांधकाम कोठे ढळले आहे, कोठे मागाहून भर पडली आहे, असे प्रश्न आपोआप सुचू लागतात. पाहणे ही इतिहासकाराची पहिली जबाबदारी होय, आणि रेखेचा सराव हे पाहण्याचेच शिक्षण आहे. ते ड्रॉइंगच्या तासापुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही.